पाणीबंदीच्या गावाला पुन्हा

अमरावतीला राजापेठेतून निघताना बायकोने विचारलं, "दर्यापूरकडे तुमचं कोण आहे?" मी म्हणालो, "जुनं काम आहे." अर्धवट बोलून गप्प बसायची मला सवय आहे. या सवयीवरच आजवर निभावलं.

वलगाव मागे पडलं तशी एसटी रिकामी होत गेली. पूर्णेच्या अंगाला जमीन इतकी सपाट होते, की नजर अडकवायला एखादी बाभूळ शोधावी लागते. काळी, भारी, श्रीमंत दिसणारी माती. पण तिच्या पोटातलं पाणी खारं. याला खारपाणपट्टा म्हणतात (पूर्णेकाठचा हा मुलूख, जिथं विहिरीला मिठाचं पाणी लागतं). पावसावर येईल ते पीक. पौषाचे दिवस होते. काही तुरी वाळून वाऱ्यावर वाजायला लागल्या होत्या, काही अजून हिरव्या होत्या, हरभरा घाट्यांवर आला होता. गावाचं नाव मी लिहीत नाही. ज्यांच्याकडे गेलो त्यांचं नाव अनसूयाबाई लिहिलं आहे; ते खरं नाही.

फाट्यावर उतरलो आणि रहीमचाचांच्या टपरीवर दूध घालून उकळलेला चहा मागितला. कप हातात आला तर चहा फाटलेला, वर पांढऱ्या गुठळ्या.

चाचा हसले. "तुमीच म्हनले ना उकळा! अमरावतीची आदत. आता इथं दूध वरून टाका लागते साहेब. बोरचं खारं पानी हाये. पहले गोड्या विहिरीचं होतं तं ट्रकवाले मुद्दाम थांबत माह्याकडं."

"अनसूयाबाई घरी असतील का?"

"थे पानीवाली? घरी नाई तं कुठं जाईन? कोनी बोलावते का तिले?"

पानीवाली. हे नाव गावाने ठेवलं, पण त्याची कमाई माझी.

काही वर्षांपूर्वी इथे एक कंपनी शेल गॅस शोधायला आली होती. खूप खोल, खडकाच्या थरांत हा वायू अडकलेला असतो. बोर मारून पाणी, वाळू, रसायनं प्रचंड दाबाने आत सोडायची आणि खडक फोडायचा, मग वायू सुटतो. कंपनीच्या वतीने गावकऱ्यांशी बोलायला मी होतो. भाषा त्यांचीच असलेला माणूस कंपनीला हवा होता.

त्या गावाला नाल्याकाठची एकच गोडी विहीर. बोर झाला तर ती जाईल, ही सगळ्यांची धास्ती. मोर्चा, घोषणा काही नाही. लोकांनी विहिरीवर नारळ फोडला आणि पाणीबंदी केली : कंपनीच्या टँकरला नाही, कंपनीच्या माणसालाही नाही. एक थेंब नाही. बायका आळीपाळीने विहिरीवर बसायच्या आणि त्यांच्या पुढे अनसूयाबाई. एकटी बाई, जीभ तिखट. मला म्हणाली होती, "साहेब, फोडा ना तुमी खडक. आमच्या पान्यानं नाई फोडाचा, बस."

पाण्यावाचून बोर अडला. लांबून आणलेला टँकर काळ्या मातीच्या उन्हाळी भेगांत अडकायचा. वरचे लोक गाशा गुंडाळायची भाषा करू लागले, तेव्हा मला एक शक्कल सुचली. कुणी सांगितलं नव्हतं, हे आज स्पष्ट लिहितो.

मे महिन्यातली भर दुपार, लोक शेतातून घरी परतायची वेळ. मी अनसूयाबाईच्या ओट्यावर जाऊन कोसळलो. कोसळलो म्हणजे आडवा झालो. पिशवीत पाण्याची भरलेली बाटली होती. मी इथलाच, त्यामुळे मला पक्कं माहीत होतं, की उन्हातून येऊन पडलेल्याला पाणी नाकारणं आपल्या माणसाच्या हातून होत नाही. आणि तिनेच दिलं, की बाकीच्यांना कोण अडवणार?

पापण्यांच्या फटीतून मी तिला पाहत होतो. बराच वेळ ती दारात उभी राहिली. मग रांजणाचं झाकण वाजलं. तिने माझं डोकं मांडीवर घेतलं, कांदा फोडून नाकाशी धरला आणि थोडं थोडं पाणी पाजलं. समोरच्या ओट्यावरून लोक बघत होते.

संध्याकाळपर्यंत गावात फूट. "तिनं देल्लं, मंग आमीच काहून हाकलाचं?" दुसऱ्या दिवशी कुणी मजुरांना पाणी दिलं, मग कुणी टँकर भरू दिला, मग धरबंध राहिला नाही. विहीर तळापर्यंत उपसली गेली आणि खालून खारं पाणी चढलं. ते परत उतरलं नाही. गॅस पुरेसा निघाला नाही म्हणून कंपनी गेली. मीही गेलो.

चाचांच्या टपरीवरून उठलो आणि गावात जायला मी नाल्याची वाट धरली. विहिरीच्या तोंडावर बाभळीच्या फांद्या टाकलेल्या होत्या. वाकून पाहायला गेलो तर चपलेतून काटा घुसला. तसाच लंगडत तिच्या घरी पोचलो.

तिने लगेच ओळखलं. "अगे माय! बापू, तू! चांगला दिसून राह्यला रे." तिने आधी काटा काढला, मग जेवायला बसवलं. ज्वारीची भाकर आणि सोल्यांची भाजी (तुरीच्या हिरव्या दाण्यांची). "विकतच्या पान्यात शिजवली, म्हनून गळली," ती म्हणाली. "इथल्या पान्यात दाना गोटाच राह्यते."

"मावशी, गावातले लोक येतात का?"

"कोन येते? हळदीकुंकवाले नाई, लग्नाले नाई. म्हनतेत, एका मानसासाठी गावाचं पानी घालवलं. म्या म्हनलं, घालवलं! मानूस तं वाचला? तुमी सारे मिळून एक मानूस बनवून दाखवा." आणि हसली. "तू आला, बरं झालं. मले कधी कधी वाटे, याले घरी जाऊन काई झालं तं नसन ना."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. जन्मभर गप्प राहिलो आणि नेमकं तिथे तोंड उघडलं. ती निर्दोष आहे हे गावाला सांगायचं, त्याआधी तिला सांगायचं, असं ठरवूनच निघालो होतो. सांगून टाकलं.

भाकर थापता थापता तिचा हात थांबला.

"म्हंजे तू मरत नोता."

"नाही."

"तहान बी नोती?"

"नाही, मावशी. बाटली होती पिशवीत."

तव्यावरची भाकर करपल्याचा वास आला. तिने ती उलटली नाही.

"मी आत्ता पारावर जातो," मी म्हणालो. "सगळ्यांना सांगतो, तुमची चूक नव्हती."

"काई सांगू नका साहेब." बापूचा पुन्हा साहेब झाला होता. "आज म्हनतेत, म्हातारीनं मानसासाठी पानी देल्लं. उद्या म्हनतीन, म्हातारी उल्लू बनली. मंग माह्याजवळ काय राहीन? तुमी जा आता."

परतीच्या एसटीत शेजारी त्याच गावची एक बाई बसली होती. "कोनाकडं आलते?" तिने विचारलं. मी नाव सांगितलं. तिचा चेहरा आवळला. मी म्हणालो, "उन्हात मरत होतो तो माणूस मी. त्या नसत्या तर गेलोच असतो."

निदान हे खोटं तरी अनसूयाबाईच्या कामी येईल असं वाटलं.

"अस्सं? तुमीच का थे." बाईने मला नीट न्याहाळलं. "मंग मरू द्याले पाह्यजे होतं तिनं."

ती उठून पुढच्या सीटवर जाऊन बसली. मला तिचं काहीच चुकलं असं वाटलं नाही. अमरावतीपर्यंत शेजारची जागा रिकामीच राहिली.