चालवून दाखवलेली कुत्री

सिंगापुरात आमच्या जुरोंग ईस्टच्या कॉन्डोत ती आली तेव्हा तीन वर्षांची होती. रानात वाढलेली, गळ्यात फास टाकून पकडलेली. तिला घेऊन आलेल्या, भटक्या कुत्र्यांना घर शोधून देणाऱ्या संस्थेच्या बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, गळ्याला काही लागलं की ही जमिनीला चिकटते. महिनाभर ठेवून बघा. दोरीनं खाली फिरू लागली तर दत्तकाचे कागद करू, नाहीतर परत नेऊ. परत आलेल्या कुत्र्याला सहसा दुसरं घर मिळत नाही, हेही त्यांनीच सांगितलं. ते ऐकून माझी दहा वर्षांची लेक त्या दिवशी धड जेवली नाही.

माझ्या डोक्यात एवढंच शिरलं की महिना म्हणजे डेडलाइन. रॅफल्स प्लेसच्या ऑफिसात मी सॉफ्टवेअरचे प्रोजेक्ट सांभाळतो. वीस वर्षांत एक विद्या पक्की झालीय: काम अर्धवट असलं तरी चालेल, डेमो चालला पाहिजे. वेळ मारून न्यायची, बाकीचं नंतर बघू.

तरी तीन आठवडे मी शहाण्यासारखा वागलो. उकडलेलं चिकन खिशात घेऊन मिनतवाऱ्या केल्या. घरातून लिफ्टपर्यंत यायची, पण खाली लॉबीत अंग टाकलं की ढिम्म हलायची नाही. मीही शेजारी फतकल मारून बसायचो. थोड्या वेळानं ती थरथरत माझ्या बुटावर हनुवटी ठेवायची. शेजारीपाजारी आम्हाला वळसा घालून जायचे, आणि मला वाटायचं, आजचाही दिवस फुकट गेला. इतका मूर्ख होतो मी.

शेवटचा शनिवार उजाडला. दुसऱ्या दिवशी बाई येणार होत्या. लॉबीत तिनं अंग टाकलं आणि मी दोरी ओढली. तिची नखं फरशीवर घासत गेली.

"बाबा, डोन्ट पुल लाह! शी इज सो स्केअर्ड!" लेक रडायला लागली.

"तुलाच हवीय ना ती? मग गप्प बस!" मी खेकसलो.

पाचव्या की सहाव्या हिसक्याला ती उठली आणि शेपूट पोटाशी घेऊन चालू लागली. स्विमिंग पूलला तिनं पुरती एक फेरी मारली. मी तिला शाब्बास म्हणालो. खरंच म्हणालो.

रविवारीही ती तशीच चालली. बाई खूश झाल्या, कागदांवर सह्या झाल्या. लेक थँक्यू म्हणून खोलीत निघून गेली. चपला घालताना बाई इंग्रजीत म्हणाल्या, "मी तर आणखी दोन महिने द्यायच्या तयारीनं आले होते. तुम्ही मागितले असते तर लगेच दिले असते."

मी मागितलेच नव्हते. मुदत वाढवून मागणं म्हणजे हार, अशीच माझी समजूत.

आता ती रोज चालते. कुठे थांबत नाही, काही हुंगत नाही, माझ्याकडे बघत नाही. लिफ्टमधले लोक कौतुक करतात, किती शहाणी कुत्री म्हणतात. लेकीच्या हातून खाते, तिच्या पायाशी झोपते. मी केलेलं कसं निस्तरायचं, मला कळत नाही. परवा मी दोरी न घेता, रिकाम्या हातांनी तिच्याजवळ जमिनीवर जाऊन बसलो. ती तत्काळ उठली आणि मान खाली घालून दाराशी जाऊन उभी राहिली.