भागिरथीबाईनं सोडलेलं दूध

भागिरथीबाईनं दूध सोडलं ते पोटासाठी. लेकीसाठी नव्हे, देवासाठी तर मुळीच नव्हे. पण मिरजगावाजवळच्या त्या वस्तीवर हे कुणाला पटेल तर शपथ, आणि सांगून सांगून शेवटी तीच थकली.

झालं असं, की एकाहत्तरच्या पावसाळ्यात तिला संग्रहणी लागली. भिमाजी वैद्यांनी तिला ताकावर ठेवलं. भाकरी कमी, ताक जास्त. दारात दोन म्हशी, ताकाला काय तोटा! सहा महिने बाई तांब्यानं ताक पीत राहिली आणि सहा महिने परसाकडची वाट तुडवीत राहिली. पन्नाशीच्या आतच ती अशी वाळली, की लुगडं काठीला गुंडाळल्यासारखं दिसू लागलं. संक्रांत झाल्यावर नवऱ्यानं, सोपानरावानं, तिला एस्टीनं नगरला नेलं. तिथल्या डॉक्टरनं सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, "दूध, दही, ताक, लोणी, सगळं बंद. वर्षभर. वर्ष झालं की घोटभर दूध पिऊन बघा. पचलं तर प्या."

लहानपणापासून दुधात भाकरी कुस्करून खाणारी ती बाई. तिच्या वाट्याला आता सकाळी गुळाचा कोरा चहा, दुपारी हुलग्याचं माडगं, रात्री भाकरी आणि शेंगदाण्याचं कालवण. पोट पंधरा दिवसांत ताळ्यावर आलं, जीभ काही येईना. धारा तीच काढी, ताक तीच घुसळी, लोण्याचा गोळा तीच काढी, आणि बरबटलेलं बोट निमूटपणे पदराला पुसून टाकी. डॉक्टरला मनातल्या मनात तिनं किती शिव्या दिल्या ते तिचं तिलाच ठाऊक.

शेजारच्या गोजरबाईनं तो कोरा चहा पाहिला.

"भागा, दूध सोडलंस व्हय गं?"

"सोडलं बाई. डाक्टर म्हनला."

"डाक्टर! दुधानं कुनाला बाधलंय का कधी? लंकासाठी सोडलंस, तसं सांग की सरळ."

लंका म्हणजे भागिरथीची एकुलती लेक. बेलापूरला दिलेली. लग्नाला सहा वर्षं झाली तरी पाळणा हलला नव्हता, आणि तिची सासू कडूबाई मुलाचं दुसरं लग्न करायचं उघड बोलू लागली होती. अशा वेळी आई दूध सोडते ती कशासाठी? नवसासाठी, आणखी कशासाठी! गोजरबाईनं हे वस्तीभर केलं. भागिरथी महिनाभर प्रत्येकीला पोटाची कथा सांगत राहिली. एकदा डोक्यावर दळणाचं ओझं होतं, मान अवघडली होती, तेवढ्यात कुणीतरी विचारलं, "लेकीसाठीच ना गं?"

"व्हय," ती म्हणाली आणि चालू लागली.

त्या दिवशी गिरणीत बायांनी तिचं दळण आधी लावू दिलं. सहा महिने ती झिजली तेव्हा कुणी विचारपूस केली नव्हती. नवस म्हटल्यावर सगळ्यांना तिची कीव आली. तिला याचा रागच आला, पण राग धरायलाही अंगात जोर लागतो.

बातमी बेलापूरला पोचायला कितीसा वेळ! आईनं दूध सोडलंय म्हटल्यावर कडूबाई वरमली. "वरीसभर वाट बघू," म्हणाली, आणि सवतीची बोलणी थांबली. खोटं बोलल्याचं भागिरथीच्या मनाला लागलं होतं, पण आता खरं सांगायची सोय उरली नाही. पुढं वैशाखात लंकाला दिवस गेल्याचा निरोप आला, तेव्हा ती चुलीपुढं बसून रडली.

त्या साली पाऊस आलाच नाही. विहिरी आटल्या, म्हशी छावणीत गेल्या, आणि सोपानराव खडी फोडायला. घरात रेशनवरच्या तांबड्या मिलो ज्वारीची भाकरी आणि कोरा चहा. सोपानराव तोंड वाकडं करू लागला, की भागिरथी म्हणे, "या कारभारी, माझ्या पंगतीला या."

त्र्याहत्तरच्या संक्रांतीनंतर लंका माहेरीच बाळंत झाली. मुलगी झाली. पोर चांगली होती, पण लंकाच्या अंगावर दूध नव्हतं. भागिरथी तिला अळीव पाण्यातच शिजवून, गूळ घालून देई. त्यानं काय होणार?

बारशाला कडूबाई दोन एस्ट्या बदलून आली, मांडीवर किटली धरून. पहाटे तापवलेलं दूध. थंडीचे दिवस, म्हणून नासलं नव्हतं.

"पाटाच्या पान्यावर एक म्हस जगलीया, तिचं हाय," ती सगळ्या बायांदेखत म्हणाली. "इहीनबाई, तुमच्या नवसानं माझं घर भरलं. मी तुमच्या लेकीला लई टाकून बोलले. आता माझ्या हातानं दूध घ्या आन् नवस फेडा."

तिनं वाटी भरून पुढं केली. दुधावर साय होती. भागिरथीच्या तोंडाला पाणी सुटलं. डॉक्टरचं वर्ष भरून चार दिवस झाले होते. तिनं ते बोटांवर मोजलं होतं. पोटाची गेले कित्येक महिने काही तक्रार नव्हती. हे दूध तिला हवं होतं, फार हवं होतं. तिनं वाटी ओठांशी नेली.

आत पोर रडू लागली. चोखून चोखून काही न मिळालेल्या पोराचं रडणं ते. तिथली प्रत्येक बाई ते ओळखत होती.

भागिरथीनं वाटी खाली ठेवली.

"न्हाई फिटला अजून," ती म्हणाली. "पोर पायानं चालंस्तवर न्हाई घेनार, असं बोलले मी देवीला. हे बाळंतिणीला द्या."

कडूबाई पदरानं डोळे पुसून म्हणाली, "मंग एस्टीत बाजारच्या दिवशी दूध धाडत जाईन. लंकाच्या नावानं."

भागिरथी किटली घेऊन आत गेली. तिनं वाटी लंकाच्या हातात दिली. खरी गोष्ट पटलेली सोपानराव आणि लंका ही दोघंच. दूध पिऊन झाल्यावर लंका हळूच म्हणाली, "आये, किटलीच्या तळाला हाय थोडं, तू घे. तुझं वरीस तर भरलं ना?"

"भरलं की. आता दुसरं लागलं."

तिनं किटलीत पाणी घालून विसळलं, ते पांढुरकं पाणीही लेकीलाच पाजलं, आणि पाहुण्यांसाठी कोऱ्या चहाचं आधण ठेवायला चुलीकडं गेली.