शेजारच्या काकूंची गोळी

आमच्या आणि काकूंच्या घरामध्ये कमरेएवढी एक भिंत होती. भाजीची वाटी, पेपर, विरजण, सगळं त्या भिंतीवरून इकडून तिकडे जायचं. त्यासाठी कधी कुणी गेट उघडलं नाही. काका गेल्यावर काकू एकट्याच राहायच्या. मुलगी अमरावतीला दिली होती. सकाळी कुकर लावला की त्या भिंतीशी यायच्या आणि आईला हाक मारायच्या, "काहून वं, आज झोपच सरली नाही का तुही?" मग दोघी उभ्या उभ्याच अर्धा तास बोलायच्या.

माझे वडील इतवारीच्या बाजारात एका साड्यांच्या दुकानात नोकरीला होते. दिवसभर गादीवर बसायचं, गिऱ्हाईक आलं की उठायचं, वरच्या फळीवरून गठ्ठा काढायचा, पुन्हा बसून साडी उलगडायची. असं आयुष्य गेलं आणि गुडघे त्यातच गेले. निवृत्त झाल्यावर हृदयाचं दुखणं निघालं. एक स्टेंट बसवला, रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या सुरू झाल्या. त्या गोळ्या आई स्वतः काढून द्यायची. त्यात कधी चूक झाली नाही. पण हृदय सांभाळता सांभाळता गुडघ्यांकडे कुणी पाहिलं नाही. बाबांनी कण्हत जिना चढणं हा आमच्या घरातला रोजचा आवाज झाला होता. एवढा रोजचा, की तो कुणाला ऐकूच येत नव्हता.

उन्हाळ्यात गच्चीवर कुरड्या घालायचं काम चाललं होतं. बाबांना वर यायचं होतं, पण चौथ्या-पाचव्या पायरीवरच ते बसले. काकू चीक ढवळून खाली येत होत्या. त्यांनी विचारलं, "काय झालं, भाऊजी?"

"गुडघे ऐकून नाही राहिले, वहिनी."

काकूंनाही गुडघ्याचाच त्रास होता. त्यांच्या डॉक्टरांनी त्यांना दुखण्याची एक गोळी लिहून दिली होती, फार दुखलं तरच आणि जेवणानंतरच घ्यायची म्हणून. त्यांनी घरात जाऊन ती आणली. माझ्यासमोर बाबांच्या हातावर ठेवली आणि म्हणाल्या, "पोटात काही टाकून घ्या बरं. मले तं एका गोळीत आराम पडते."

दुसऱ्या दिवशी बाबा गच्चीवर चढले. कुरड्या उलटवत बसले, आईला चिडवत राहिले. संध्याकाळी बऱ्याच महिन्यांनी ते फिरायला बागेत गेले, तिथल्या मित्रांना भेटून आले. आम्ही सगळे खूश. आई भिंतीपाशी जाऊन काकूंना म्हणाली, "तुमच्या गोळीनं तं जादूच केली."

नंतर काय झालं ते आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं. बाबा गोळी मागायला स्वतःच जाऊ लागले. आई पूजेला बसली की ते भिंतीशी उभे राहायचे. पुढे त्यांनी गोळीचं नाव बघून ठेवलं आणि मेडिकलमधून गोळ्यांचा अख्खा पत्ताच आणला. सकाळच्या चहाबरोबर, रिकाम्या पोटी एक. बागेत जायच्या आधी एक. कुर्त्याच्या खिशात पत्ता कायमचा.

पावसाळा लागता लागता त्यांची भूक गेली. पोटात जळजळतं म्हणायचे. आई ताक द्यायची, जिरं द्यायची. शौचाला काळं होतं हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. पालक खाल्ल्यानं होत असेल असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं होतं. एका सकाळी ते बाथरूममधून बाहेर आले, भिंत धरली आणि हळूहळू तिथेच खाली बसले. चेहरा पांढराफटक, अंग घामानं थंड. मी ऑटो थांबवला. दादा शहराबाहेर मिहानमधल्या त्याच्या ऑफिसमधून थेट दवाखान्यात आला.

पोटात व्रण होऊन रक्तस्राव चालला होता. रक्त चढवावं लागलं. डॉक्टर वयानं तरुण होत्या. त्यांनी बाबांना विचारलं, "हृदयाच्या गोळ्यांशिवाय दुसरी कुठली गोळी घेता का? दुखण्याची वगैरे?"

"नाही," बाबा म्हणाले.

पण दवाखान्याचे कपडे घालताना काढलेला कुर्ता दादाच्या हातात होता. खिशात गोळ्यांचा पत्ता सापडला. डॉक्टरांनी तो पाहिला आणि बाबांना रागावल्या नाहीत. आम्हालाच बाजूला घेऊन समजावलं. रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या चालू असताना असली दुखण्याची गोळी विचारल्याशिवाय अजिबात घ्यायची नाही. पोटाला इजा होते, किडनीवरही ताण येतो, आणि एकदा रक्त सुटलं की थांबत नाही. एका माणसाला लिहून दिलेलं औषध दुसऱ्यानं घ्यायचं नाही, त्रास तोच असला तरी. दुखलंच तर पॅरासिटामॉल, तेही ठरवून दिलेल्या मापात. "आणि शौचाला काळं दिसलं की त्याच दिवशी यायचं," त्या म्हणाल्या, "वाट पाहायची नाही."

बाबा घरी आले त्या दुपारी त्यांना पुढच्या खोलीत दिवाणावर झोपवलं होतं. काकू मुगाची पातळ खिचडी घेऊन आल्या. त्या दिवशी मात्र भिंतीवरून नाही, गेट उघडून. दादा व्हरांड्यातच उभा होता.

"ही गोळी तुमीच देल्ली होती ना यायले?" त्यानं पत्ता समोर धरला.

काकूंनी चष्मा नाकावर सरकवून पाहिलं. "हाव. पण बेटा, मी..."

"तुमी काय डॉक्टर हाये का? मारूनच टाकलं असतं माह्या बापाले!"

आवाज समोरच्या घरापर्यंत गेला. आई "अरे, अरे" करत बाहेर धावली. काकूंनी खिचडीचं भांडं पायरीवर ठेवलं आणि परत गेल्या. मी खोलीत पाहिलं. बाबा जागे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. माझ्याकडे क्षणभर पाहून त्यांनी कूस बदलली.

त्यानंतर सकाळची हाक बंद झाली. आई कधी कधी भिंतीशी उभी राहायची, पण काकूंचं मागचं दार लागलेलं असायचं. आई दादावर चिडायची, दादा म्हणायचा मी खोटं काय बोललो. बाबा या बोलण्यात कधीच पडले नाहीत. उठून दुसऱ्या खोलीत जायचे.

दिवाळीच्या आधी काकूंना ताप आला. कॉलनीत सगळीकडेच ताप होता, सांधे धरणारा. त्यांची मुलगी अमरावतीहून आली आणि दोन दिवसांनी आमच्याकडे आली. म्हणाली, "आई तापाची गोळीसुद्धा घेऊन नाही राहिली. डॉक्टरनं लिहून देल्ली तरी. म्हणते, माह्या हातची गोळी विषारी हाये. बोटं मिटत नाही तिची, रडते, पण गोळी नाही. तुमच्याकडे काही झालं होतं का?"

तेव्हा बाबा बोलले.

"तिनं मले विचारलं होतं. दुसऱ्याच दिवशी विचारलं, भाऊजी, तुमच्या डॉक्टरले सांगतलं ना? हृदयाच्या गोळ्या चालू हायेत तुमच्या. मी म्हटलं, हाव, विचारलं, चालते म्हणाले. त्यायले मी विचारलंच नव्हतं. नाही म्हणतील म्हणून विचारलं नव्हतं. नंतर मी रोज मागू लागलो तं तिनं देणंच बंद केलं होतं. पुढचे पत्ते मीच आणत होतो."

मग आईनं विचारलं, "अन् पोरगा ओरडून राहिला होता तेव्हा?"

"तेव्हा हिंमत नाही झाली."

ते त्याच पावली काकूंकडे गेले. सोबत मी होते. काकू खाटेवर बसल्या होत्या, हाताची बोटं सुजून जाड झालेली. बाबा उभ्यानंच बोलले. सगळं सांगितलं, काही झाकलं नाही. काकूंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मी रोज आठवून पाहत होती, भाऊजी. वाटे, विचारलं होतं का मी खरंच? का माह्याच मनाचे खेळ? आता तं मले माह्यावरच भरवसा नाही राहिला."

"माफ करा, वहिनी."

"केलं," त्या म्हणाल्या. पण त्या बाबांकडे नाही, भिंतीकडे पाहत होत्या.

मी त्यांच्या डॉक्टरांना फोन लावून दिला. त्यांनी काकूंना स्वतः समजावलं, की ही पॅरासिटामॉल आहे, इतकी घ्यायची, दोन गोळ्यांत इतकं अंतर ठेवायचं, सर्दी-तापाची दुसरी गोळी सोबत घ्यायची नाही कारण त्यातही हेच औषध असतं. काकूंनी दोनदा विचारून खात्री केली. मग मुलीच्या हातून गोळी घेतली, स्वतःच्या हातानं नाही.

दादानंही माफी मागितली. काकू त्याला म्हणाल्या, "जाऊ दे, बापाची काळजी होती तुले." ताप उतरला, पण सांधे काही महिने धरलेलेच राहिले, आणि एकटीनं राहणं जमेना. मुलगी त्यांना अमरावतीला घेऊन गेली. जायच्या दिवशी आईनं डबा दिला, दोघी एकमेकींचे हात धरून रडल्या. बाबा सामान टेम्पोत चढवायला मदत करत होते. गुडघा दुखत असूनही थांबले नाहीत, आणि त्यांना थांबवायचं कुणाला सुचलं नाही.

आता तिथे भाडेकरू राहतात. चांगली माणसं आहेत. बाबा फिजिओथेरपीचे व्यायाम करतात, शेक घेतात, दुखलं तर आधी फोन करून विचारतात. सणावाराला काकूंचा फोन येतो. आई त्यांच्याशी पोटभर बोलते आणि मग फोन बाबांच्या हातात देते.

"तब्येत कशी हाये, वहिनी?"

"बरी हाये. तुमची?"

"बरी हाये."

एवढं झालं की बाबा थोडा वेळ फोन तसाच कानाशी धरून उभे राहतात आणि मग आईला परत देतात.