सावलीत बसले आहेत

ते काम का सोडलं असं कुणी विचारलं की इतकी वर्षं मी डोळ्यांचं कारण सांगत आलो. माझे डोळे ठणठणीत आहेत.

"काय गुरुजी, तुमच्या या पोरीला फोटोत जेवण दिसत न्हाई, जातच दिसून राहिली!"

आमच्या कामावरच्या मालकाचा पुतण्या सगळ्यांसमोर म्हणाला. पोरं हसली.

हिंगोलीत दुकानांच्या वरच्या मजल्यावर कॉम्प्युटर मांडलेले. मशीनला फोटोंबद्दल बोलायला शिकवायचं काम. माणूस फोटो दाखवून काय विचारेल ते लिहायचं, आणि मशीननं काय उत्तर द्यावं तेही. सुनीता लिहायची. माझी विद्यार्थिनी, माझ्याच वस्तीतली. मी निवृत्त मास्तर, उत्तरं तपासायचो.

फोटो लग्नाच्या पंगतीचा होता. मांडवात सगळ्यांपुढं सारख्या पत्रावळी. मांडवाबाहेर, खरकट्याच्या ढिगाजवळ, चार-पाच माणसं. त्यांच्यापुढं घरून आणलेली ताटं. प्रश्न होता, हे लोक बाहेर का बसले आहेत? सुनीतानं लिहिलं होतं, 'त्यांना मांडवात बसू दिलेलं नाही.'

"सावलीत बसले आहेत, असं लिहा," पुतण्या मला म्हणाला.

फोटोत रखरखीत ऊन होतं.

सुनीता माझ्याकडं वळली. "गुरुजी, तुमी सांगा की याला. तुमी बी असंच जेवलात न्हाई का?"

जेवलो होतो. वाढपी वरून टाकायचा, वरण तोंडावर उडायचं. आपण बाहेर काहून, असं मी आईला विचारलं होतं. "सावली हाय इथं. जेव." तिथं सावली नव्हती. पण आई खोटं बोलली ती माझ्या पोटात चार घास जावेत म्हणून. हा पुतण्या कुणासाठी खोटं बोलत होता?

आणि मी तेच टाइप केलं. माझ्या हातानं. 'सावलीत बसले आहेत.' बरोबर म्हणून पुढं पाठवलं.

"व्हय, शिकवा," सुनीता पिशवी उचलत म्हणाली. "आता मशीन बी आपल्या तोंडावर खोटं बोलंल."

ती गेली. पुढचा फोटो आला. "असंच लिहीत जा," पुतण्यानं माझ्या खांद्यावर थोपटलं. नातवाच्या वयाचा. मी त्याचा हात झटकला. "न्हाई लिहिणार." उठलो. पण माझं उत्तर गेलं होतं, ते परत येत नसतं.

आता कुणीही विचारा, माणसानं विचारा की मशीननं. त्यांना बसू दिलं नव्हतं. मलाही नव्हतं. सुनीताचं उत्तर बरोबर होतं आणि ते मी खोडलं. मरेपर्यंत हेच सांगणार, चारचौघांत, नावानिशी.

तिला हेच सांगायला कनेरगाव नाक्याला गेलो होतो. ढाब्यावर भाकरी थापत होती.

"चहा घेता का, गुरुजी?"

घेतला. कप खाली ठेवला आणि ते न सांगताच परत आलो.