तळातलं पाणी

कॉफी घेण्याआधी हेझरॉनकाका रोज जहाजाच्या तळाशी उतरायचा. रात्रभरात तिथे साचलेल्या पाण्यात एक बोट बुडवायचा, जिभेला लावायचा आणि थुंकायचा. मग वर येऊन स्वयंपाकघराच्या दारात सांगायचा, "गोडं." म्हणजे पाऊस वरून गळलाय, नाहीतर एखादी टाकी झिरपतेय, घाई नाही. "खारं" म्हणाला की समुद्र आत आलेला असायचा. त्या दिवशी कॉफी तशीच गार व्हायची आणि काका हातोडी घेऊन परत खाली.

"ते बोट माझ्या पावाला लावू नकोस," वेल्मामावशी रोज बजावायची. ती जहाजावरची मुख्य आचारीण, मी तिच्या हाताखाली.

आमचं जहाज लाकडी, शिडाचं. आठवडाभराचे प्रवासी घेऊन ग्रेनेडाहून निघायचं आणि बेटं करत करत परत यायचं. फळ्यांमधल्या फटींत कापसाची वात ठोकायची, वर लांबी भरायची, हे काकाचं काम. ते तो लहानपणी कॅरिआकू बेटावर, स्वतःच्या गावात शिकला. त्या गावात माणसाची ओळख त्याच्या होडीवरून होते.

एप्रिलातल्या एका शनिवारी जहाजाने त्याच गावासमोर नांगर टाकला. प्रवासी वाळूच्या दांड्यावर पोहायला गेले, आम्हाला पाचपर्यंत सुट्टी. काका म्हणाला, "चला. ग्लॅडस्टनची नवी होडी आज पहिल्यांदा पाण्यात जातेय. बोकड कापलाय." वेल्मामावशी, इंजिनवाला टिबो आणि मी लगेच निघालो. दोन वर्षांपूर्वी सुट्टीत येऊन त्या होडीच्या फटी काकानेच ठोकल्या होत्या, हे त्याने वाटेत सांगितलं नाही. किनाऱ्यावर मात्र ते सगळ्यांना माहीत होतं.

होडी खांबांवर उभी होती. पांढरी, निळ्या पट्ट्याची, डोलकाठीवर पताका. काकाने तिच्याभोवती एक फेरी मारली, खिशातला चाकू काढला आणि एका फटीत घातला. पातं मुठीपर्यंत आत गेलं.

"रंग कधी लावलास?"

"फेब्रुवारीत," ग्लॅडस्टन म्हणाला. "का? चांगला नाही?"

"तेव्हापासून ही उन्हातच? एक बादली पाणी नाही मारलंस?"

"पहिलं पाणी फादरचं, आशीर्वादाचं. माझ्या बापाच्या होडीवर कोणीतरी आधीच बादली ओतली, आणि वर्षाच्या आत ती खडकावर गेली. ही चूक मी नाही करणार."

"अरे, फळ्या सुकून आखडल्यात. दोनला पाण्यात ढकलशील, तीनला बुडेल. आणि तुला कोणी नावं नाही ठेवणार. म्हणतील, हेझरॉनने ठोकलेल्या फटी."

"मग ठोक परत."

"एवढ्या? एका सकाळी?" काकाचा आवाज उतरला. "फळी फुगायला हवी. पाणी हवं, ग्लॅडस्टन."

"फादरचं."

फादर साडेनवाला आले. काकाने टोपी काढली.

"फादर, तुमच्या भांड्यात पाणी किती मावतं?"

"पेलाभर."

"मला पिंपभर लागेल."

फादरनी ग्लॅडस्टनच्या तोंडाकडे पाहिलं, मग फटीतल्या चाकूकडे. "पिंप आणा," ते म्हणाले.

निळं पिंप समुद्राच्या पाण्याने भरलं. फादरनी प्रार्थना केली, ग्लॅडस्टन शेजारी मान खाली घालून उभा राहिला.

"आणि हे संपलं की?" टिबोने विचारलं.

"संपू देऊ नकोस. अर्ध्यावर आलं की समुद्राचं भर. मिसळलेलं चालतं," फादर म्हणाले.

मग बादल्या सुरू झाल्या. होडीला बाहेरून पाणी, आतून पाणी, पुन्हा बाहेरून. वेल्मामावशी चर्चला जायचा झगा गुडघ्याशी खोचून रांगेत उभी.

"मी सुट्टीवर आलेय की शिक्षेवर?"

"मावशी, पुण्य लागतंय," टिबो म्हणाला.

"पुण्य तू घे. मला खुर्ची दे."

दोन वाजता गेलेल्यांच्या नावाने वाळूवर रम शिंपडली. एका अंगाचे खांब कुऱ्हाडीने तोडले, होडी हळूच कुशीवर आली, खाली ओंडके, पुढे दोर. सगळा गाव दोराला लागला. ती घसरली, पाण्यात गेली, सरळ झाली. ढोल वाजले. तोवर काका आत उतरला होता, मागून मी बॅटरी घेऊन.

त्याने बोट बुडवलं, चाखलं, थुंकला. "खारं," म्हणाला, आणि त्या बोटाकडे बघत राहिला. आम्ही ओतलेलंही खारंच होतं. त्या दिवशी त्याच्या जिभेचा काही उपयोग नव्हता.

कानावरची पेन्सिल काढून त्याने पाण्याच्या पातळीला लाकडावर रेघ ओढली आणि तिच्यासमोर बसला.

"मावशीला सांग, माझं ताट झाकून ठेव."

बोकड वाढल्याचा वास आतपर्यंत येत होता. साडेतीनला पाणी रेघेच्या बोटभर वर आलं. काकाने दुसरी रेघ ओढली. ग्लॅडस्टनने वरून डोकं घातलं.

"काय म्हणतेय?"

"फुगतेय. बोलू नकोस."

चार वाजले. पाणी दुसऱ्या रेघेवरच. काका एकेका फटीवरून तळवा फिरवत होता. साडेचारला आमच्या जहाजाचा भोंगा झाला. तो हलला नाही. पावणेपाचला त्याने पुन्हा बॅटरी मागितली. पाणी रेघेच्या वर चढलं नव्हतं. मग तो उठला, गुडघे कडकडले.

"पाणी उपसून टाक," तो ग्लॅडस्टनला म्हणाला. "उद्या परत बघ."

ग्लॅडस्टनला आणखी काहीतरी म्हणायचं होतं. "पण रंग चांगलाय ना?" एवढंच त्याने विचारलं.

"चांगलाय. दोन महिने लवकर लावलास."

लहान होडीतून जहाजाकडे परतताना काका मांडीवर ताट घेऊन गार मटण, तुरीचे दाणे आणि मक्याच्या पिठाचं घट्ट कू-कू खात होता. वेल्मामावशीने पाण्याची बाटली पुढे केली. "आधी ते बोट धू."

तीन वर्षांनी गुडघ्यांमुळे त्याने जहाज सोडलं आणि गावी जाऊन राहिला. गेल्या डिसेंबरात तो वारला. त्या सकाळची गोष्ट मला ग्लॅडस्टनने सांगितली. तो काकाच्या खाटेशी जाऊन तक्रार करत होता, की होडीत वीतभर पाणी आहे, रात्री पाऊस झाला हे खरं, पण तुझी एखादी फट सुटली असणार. काका भिंतीकडे तोंड करून पडला होता. त्याने मान वळवली.

"चाखलंस?"

"नाही."

"मग आधी चाखून ये."