अर्बाबचं टेबल आणि आईंच्या शेवया

माझ्या नवऱ्याला कुणालाच ‘नाही’ म्हणता येत नाही, आणि अर्बाबला तर नाहीच नाही. मस्कतमध्ये अर्बाब म्हणजे मालक. याचा अर्बाब एसीची कामं घेणाऱ्या कंपनीचा धनी, ताडमाड उंच ओमानी गृहस्थ, स्वभावाने राजा माणूस. त्याला नेमबाजीचा नाद होता. क्लबात कागदी टार्गेटवर गोळ्या झाडून भागेना, तेव्हा वापरलेली काडतुसं घरीच पुन्हा भरायचं त्याच्या मनाने घेतलं. परवान्याचा अर्ज केलेला होता, तो इन्शाल्ला येणार होता. पण त्याआधी टेबल हवं होतं. काडतूस भरायच्या यंत्राचा दांडा कितीही जोराने खाली ओढला तरी तसूभर न हलणारं टेबल. “तू इंजिनिअर आहेस ना,” अर्बाब म्हणाला, आणि हा फुगला.

हा एसीच्या डक्टचा इंजिनिअर. टेबलाशी याचा संबंध जेवण्यापुरता. तरी त्याने ड्रॉइंग काढलं. मग त्याचं रिव्हिजन, मग त्या रिव्हिजनचं रिव्हिजन. अर्बाबला उभ्याने काम करायचं होतं, म्हणून ऑफिसात टेप घेऊन त्याच्या कोपराची उंची मोजून आला. वादी कबीरच्या वर्कशॉपमधून लोखंडी अँगल कापून आणले, त्यावर जाड प्लायवूडचे दोन थर चिकटवले, आणि सवयीने चारी पायांखाली मोठ्या एसीच्या चिलरखाली हादरे बसू नयेत म्हणून घालतात तसले रबराचे ठोकळे बसवले. अल हैलच्या आमच्या तळमजल्याच्या पोर्चमध्ये हे सगळं चाललेलं. गाडी रस्त्यावर उभी, आणि गाडीच्या जागी हा, गुडघ्यावर बसून वेल्डिंगवाल्याला शिकवतोय. मी म्हटलं, “अरे, यावर गोळ्या बनवणार आहेत की विमान उतरवणार आहेत?”

“हळू बोल,” तो म्हणाला. “आई ऐकेल.”

खरी गोम तिथेच होती.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. सासरे गेल्यानंतर पहिल्यांदाच आमच्याकडे आल्या होत्या, त्याही परतीचं तिकीट काढून. सासऱ्यांची सगळी नोकरी दारूगोळ्याच्या कारखान्यात गेली. पगार चांगला, क्वार्टर चांगलं, पण त्यात एक कान गेला आणि हाताचा वास काही गेला नाही. “पोराने वाटेल ते करावं, गोळीला हात लावायचा नाही,” हा आईंचा घरातला कायदा. बापाच्या जागी नोकरी मिळत होती, ती नाकारून त्यांनी याला इंजिनिअर केला. पोरगा समुद्र ओलांडून थंड हवेच्या धंद्यात आला, आणि पोर्चमध्ये काय बनवत बसला, तर हे.

मला आई कायमच्या हव्या होत्या. शाळेत शिकवून, वादी कबीर ते अल हैल ट्रॅफिकशी भांडत घरी यावं तर गरम भाकरी तयार, हा स्वार्थ होताच. पण माझी आई मी लहान असतानाच गेली, आणि ‘जेवलीस का’ विचारणारं माणूस मला पहिल्यांदाच घरात मिळालं होतं. त्यांना मात्र करमत नव्हतं. हाताला काम नव्हतं. शेवयांचं यंत्र त्या सामानातून घेऊन आल्या होत्या, पण ते आवळून बसवायला आमच्याकडे एकच टेबल, तेही काचेचं. यंत्र कोपऱ्यात पडून होतं आणि आई कॅलेंडरकडे बघत होत्या.

अशात त्या एका सकाळी पोर्चमध्ये आल्या. टेबलावरून हात फिरवला, धरून हलवलं. हललं नाही. “हे काय रे?”

आमच्या साहेबांची त-त-प-प झाली. आणि मग तो जे बोलला ते ऐकून मी भिंतीला टेकले. “आई, तुझ्या शेवयांसाठी.”

पंचशीलातलं पहिलं, हिंसा न करण्याचं शील मोडल्याचं आईंपासून झाकायला गेला आणि चौथं, खोटं न बोलण्याचं, मोडून बसला.

आईंचा चेहरा मी त्याआधी तसा पाहिला नव्हता. आत गेल्या, यंत्र घेऊन आल्या, टेबलाच्या कडेला आवळलं आणि दांडा फिरवून बघितला. नंतर डोळे पुसत म्हणाल्या, “एवढा खर्च कशाला केलास?” त्यानंतर घरात जी भरभराट झाली ती काय सांगावी! रोज रवा-मैदा मळला जायचा, दोऱ्यांवर शेवया लोंबायच्या, अल हैलच्या उन्हात बघता बघता कडक व्हायच्या. शुक्रवारी बुद्धवंदनेला जमणाऱ्या बायकांना आईंनी टेबल दाखवायला बोलावलं. “माझ्या मुलाने माझ्यासाठी केलं,” हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की मलाच खरं वाटायला लागलं.

“सांग त्यांना,” मी रोज नवऱ्याच्या कानाशी म्हणायचे. “बोलतो,” तो म्हणायचा. “अर्बाबला तरी सांग.” “त्यालाही बोलतो.” अशा माणसाशी संसार करायचा म्हणजे डोकं फ्रीजमध्ये ठेवावं लागतं.

अर्बाब न बोलावता आला. शुक्रवारची सकाळ, पोर्चमध्ये आई आणि वंदनेच्या तिघीजणी, सगळ्यांचे हात पिठाने पांढरे. फाटकाशी पिकअप थांबली. त्यातून दोन कामगार उतरले, आणि मागून पांढऱ्याशुभ्र पायघोळ दिशदाशात अर्बाब. टेबल बघून तो खूश झाला. “वल्ला, बहोत मजबूत!” मग वर लोंबणाऱ्या शेवया बघून थबकला. “ये क्या है?”

“सेवई,” आई म्हणाल्या. “मेरे लडके ने टेबल बनाया. मेरे लिए.”

“नहीं अम्मा, ये मेरा टेबल है. इस पे मैं बुलेट बनाएगा.”

दांडा फिरवणारी बाई थांबली. नवरा दारात उभा होता, तो दाराच्याच रंगाचा झाला. आईंनी त्याच्याकडे एकदा बघितलं. मग यंत्राचा स्क्रू सैल केला, यंत्र उचलून खाली ठेवलं आणि पदराने टेबलावरचं पीठ पुसायला लागल्या. कोपऱ्या-कोपऱ्यातून, नीट. “ले जाओ,” म्हणाल्या. त्या क्षणी मला नवऱ्याचा इतका राग आला की पिठाची परात त्याच्या डोक्यावर घालावी.

पण अर्बाबला काहीतरी कळलं. त्याने याला विचारलं, “तूने माँ को क्या बोला था?” याने मान खाली घालून सांगितलं. मग अर्बाब जो भडकला! निम्मं अरबी, निम्मं हिंदी. अरबीतलं नशिबाने आम्हाला कळलं नाही. “मुझे झूठ बोल, मुदीर को, मॅनेजर को बोल. माँ को? माँ को दिया तो माँ का है. खलास.” आणि खाली वाकून आईंना म्हणाला, “अम्मा, मैं सिर्फ कागज़ पे मारता है. कोई मरता नहीं.”

“मालूम है,” आई म्हणाल्या. “मेरा आदमी भी किसी को नहीं मारा. पर कान तो उसका ही गया.”

अर्बाबचा हात आपोआप कानाकडे गेला. तो शेवयांची मोठी पिशवी घेऊन रिकाम्या पिकअपने परतला. टेबल पुढे त्याने दुसऱ्या सुताराकडून करून घेतलं, आणि आमच्या साहेबांची नोकरीही टिकली.

बायका गेल्या. आई पोर्चमध्येच बसून राहिल्या. हा समोर जाऊन बसला. “आई, चुकलो.”

“तुझे बाबा हात भाजून घ्यायचे, पण येऊन सांगायचे,” आई म्हणाल्या. “आणि मला काय कळलं नाही होय रे? एवढं उंच टेबल! पाण्याच्या बाटल्यांच्या खोक्यावर उभी राहून दांडा फिरवत होते मी. म्हटलं, असू दे. पोराला आईची उंची आठवत नसेल.”

यावर तो लहान मुलासारखा रडला. मग उठला, आईंना टेबलाशी उभं केलं आणि टेप लावून त्यांच्या कोपराची उंची मोजली. शनिवारी ग्राइंडर आणून चारी पाय कापले. या वेळी ड्रॉइंग नाही, रिव्हिजन नाही. आई शेजारी उभ्या राहून “अजून थोडं,” म्हणत होत्या.

कापून झाल्यावर मी सगळा धीर गोळा करून विचारलं, “आई, तुमच्या तिकिटाचं काय करायचं?”

आईंनी यंत्र आवळत वरही बघितलं नाही. “माझ्या मापाचं कापून ठेवलंय,” म्हणाल्या. “आता मी गेले तर दुसऱ्या कुणाच्या उपयोगाचं आहे हे?”