कुनिगुंडे आत्या आणि विजेवरची भाकरी

आमच्या गावच्या शाळेची झाडलोट एकोणीस वर्षं माझ्या आत्याने केली. तिचं नाव कुनिगुंडे, पण सगळं गाव तिला कुनी म्हणायचं. हिवाळ्यात पहाटे वर्गातली शेगडी पेटवायची, फळा पुसायचा, बाकांखालचे सफरचंदाचे उष्टे गाभे आणि पेन्सिलीचा भुसा गोळा करायचा, आणि जाता जाता मास्तरांना चार शब्द ऐकवायचे, एवढं तिचं काम. यातला शेवटचा भाग तिला कोणी सांगितलेला नव्हता. एकोणीस वर्षांत पाच मास्तर आले आणि गेले. आत्याला त्यांची नावं आठवत नसत. ती त्यांना घाणीवरून ओळखे. एक खडू मोडणारा, एक शाई सांडणारा, एक खिडकीतून थुंकणारा, एक नाक ओढणारा, आणि एक चांगला होता तो लवकर मेला.

माझी आई माझ्या जन्माच्या वेळीच गेली. वडील दगडाच्या खाणीवर कामाला. ते रविवारपुरते घरी यायचे, प्रार्थनेला जायचे आणि जेवून झोपायचे. म्हणून मला आत्यानेच वाढवलं.

दर शनिवारी शाळेआधी ती बाबेट हाइमानकडे जायची. बाबेट म्हणजे आमच्या गल्लीतली विधवा. फिती, बटणं आणि दोऱ्यांची रिळं विकायची. ती ज्यू होती आणि शनिवार त्यांचा विसाव्याचा दिवस, त्या दिवशी विस्तव पेटवायचा नाही. म्हणून आत्या जाऊन तिची चूल पेटवून द्यायची. काम पाच मिनिटांचं, पण आत्या तासाभराने परत यायची. बटाट्याच्या गोळ्यांच्या पोटात तळलेला पाव घालायचा की नाही, यावर त्या दोघी चाळीस वर्षं भांडत होत्या. मी चालायला लागल्यापासून बाबेटच्या टेबलाशी बसत आलेली. मला बटणांचा डबा खेळायला मिळे, आणि खसखस लावलेल्या वेणीच्या पावावर आलुबुखाराचा मुरंबा.

आणखी एक रीत सांगायला हवी, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यातूनच झाला. वसंतात ज्यू लोकांचा सण येतो. तेव्हा ते न फुगवलेल्या पिठाची, पातळ, कडकडीत भाकरी भाजतात, तिला मात्से म्हणतात. बाबेट ती शेजारीपाजारी वाटायची, आणि आम्ही ईस्टरला तिला रंगवलेली अंडी द्यायचो. मात्से खायला काही फार बरी लागत नाही. पण आमच्याकडे तिचा एक तुकडा फडक्यात बांधून आढ्याला टांगत. त्याने घरावर वीज पडत नाही. दारापाशी पवित्र पाणी, खाटेवर क्रूस आणि आढ्याला मात्से, एवढं असलं की गावातला माणूस निर्धास्त झोपे. पाद्रीबाबांना हे ठाऊक होतं. ते वर बघायचंच टाळत.

सहावा मास्तर एकोणीसशे छत्तीस साली शहरातून आला. लिंडलाइन त्याचं नाव. आत्याने त्याचं नाव बूट वाजवणारा ठेवलं. त्याने आल्या आल्या भिंतीवरचा नकाशा काढून एक तक्ता लावला. त्यावर नुसती नाकं, कान आणि ओठ. ज्यू माणूस कसा ओळखावा, हा आमचा नवा विषय. नाक किटलीच्या तोटीसारखं, कान मोठे, चाल फताडी. गणितातसुद्धा तेच: एका गावात एवढे ज्यू, ते एवढं धान्य लुबाडतात, तर जर्मन मुलांच्या वाट्याला किती उरलं? मी दहा वर्षांची होते आणि वर्गात पहिली येत होते. जे शिकवतील ते मला लगेच येई. मास्तरांनी माझ्या गळपट्टीला पितळेची टाचणी लावली तेव्हा मला वाटलं, देवाने मला बघून ठेवलंय.

पहिला गृहपाठ होता गावातली नाकं तपासायचा. मी वही घेऊन त्रेचाळीस नाकं तपासली. निकाल असा निघाला की गावात सगळ्यात पक्कं ज्यू नाक गिरणीवाल्या त्साङचं आहे. त्साङ हा आमच्या गावचा नाझी पक्षाचा प्रमुख. त्याच्या खालोखाल पाद्रीबाबा, मग नावाडी, मग चर्चमधला लाकडी संत योसेफ. बाबेटचं नाक बसकं, डोळे निळे. ती साफ सुटली.

मी आत्याला वही दाखवली.

"योसेफाचं बरोबर आहे," आत्या म्हणाली. "तो होताच ज्यू."

"काहीतरीच काय, आत्या."

"मग कोण होता? आपल्या गावचा सुतार?"

"आणि मरियामाता?"

"तिलाच विचार. रोज रात्री बोलतेस ना तिच्याशी."

मास्तरांनी वही बघितली, त्साङचं नाव खोडलं, आणि म्हणाले की बाबेटसारखे ज्यू जास्त धोक्याचे, ते नाक लपवतात. मी घरी येऊन आत्याला तसं सांगितलं.

"लपवतात? कुठे, कपाटात?"

"तुला नाही समजायचं. तू फक्त सातवीपर्यंत शिकलीस."

"तेवढ्यात भागलं, नशीब माझं," आत्या म्हणाली आणि बटाटे सोलायला लागली.

त्या शनिवारी मी बाबेटकडे गेले नाही. आत्या दारात उभी राहून म्हणाली, "रेगी, चल." मी म्हटलं, येणार नाही. ती एकटी गेली आणि येताना माझ्या वाटणीचा पाव रुमालात घेऊन आली. मी म्हटलं, त्यात विष असतं, ज्यू लोक जर्मन मुलांना हळूहळू मारतात.

आत्याने माझ्यासमोर तो पाव खाल्ला, बोटांना लागलेला मुरंबासुद्धा चाटला. मग दिवसभर, मी जिथे असेन तिथे येऊन ती वर्दी देत होती. कोंबड्यांना दाणे घालताना म्हणाली, "मी अजून आहे." मी अभ्यासाला बसले तर खिडकीतून म्हणाली, "आहे बरं का." संध्याकाळच्या प्रार्थनेत आमेनच्या आधी म्हणाली, "देवा, मी अजून इथेच आहे, हिला सांग."

"मास्तर म्हणतात, विष हळू चढतं," मी म्हटलं.

"किती हळू? मी चाळीस वर्षं खातेय."

खरं सांगायचं तर ती मेली नाही याचं मला जरा वाईटच वाटलं. माझ्या धड्याचं त्यात चुकत होतं.

त्यानंतर दर शनिवारी ती दारात थांबून तेच विचारायची, चल. रागावून नाही, समजूत घालूनही नाही. तिला एवढंच हवं होतं, की मी पुन्हा त्या टेबलाशी जाऊन बसावं. बाकी जगाचं काय व्हायचं ते होवो, ही एक पोर त्यांना द्यायची नाही, असं तिने मनाशी धरलं होतं. आणि मी दर शनिवारी नाही म्हणायचे.

मे महिन्यात मास्तरांनी स्पर्धा लावली. घरातली प्रत्येक ज्यू वस्तू शोधून आणायची, जो सगळ्यात जास्त आणेल त्याचं नाव जिल्ह्याच्या पत्रकात. मास्तरांना वाटलं होतं, फार तर चार बटणं आणि एखादी फीत येईल. मास्तर शहरचे. आमच्या आढ्यांवर काय असतं हे त्यांना माहीत नव्हतं.

मी शिडी लावून आमचा तुकडा पहिल्यांदा काढला. दुसऱ्या दिवशी एकतीस मुलांनी सत्तावीस पुरचुंड्या आणल्या. गिरणीवाल्याच्या वाल्बुर्गाने एकटीने तीन आणल्या: घरातली, गिरणीतली आणि गोठ्यातली.

मास्तरांनी एक पुरचुंडी सोडली, वास घेतला. "हे काय आहे?"

"ज्यूंची भाकरी, सर," वाल्बुर्गा म्हणाली. "आमच्याकडे आजोबांच्या वेळेपासून आहे."

पण मास्तर हरणारे नव्हते. त्यांनी ठरवलं, याची शाळेच्या अंगणात होळी करायची आणि ती पक्षप्रमुखांच्या हस्ते पेटवायची. लाकडं आणायचं काम साहजिकच आत्याकडे. तिने हिवाळ्यात उरलेली लाकडं रचली, पण कुठून काढली कोण जाणे, सगळी ओली. त्साङ गणवेश घालून आला. ढिगाच्या अगदी वर त्याच्याच बायकोने भरतकाम केलेलं फडकं होतं, निळी फुलं आणि सासूबाईंच्या नावाची अक्षरं. त्याने ते बघितलं. सगळ्या गावाने त्याला ते बघताना बघितलं.

"पेटवा ना," आत्या म्हणाली. "काडी बोटाला लागेल."

सहा काड्या गेल्या. आम्ही गाणं तीनदा म्हटलं, कारण गाणं संपलं तरी धूरच निघत होता. माझा आवाज सगळ्यात मोठा होता.

जूनमध्ये ढग आले. आठ दिवस आकाश नुसतं गुरगुरत होतं, पडत काही नव्हतं, आणि गावात एकाही आढ्याला काही बांधलेलं नव्हतं. बायकांना झोप येईना. त्या शनिवारी आत्या गेली तेव्हा मीही मागून गेले. आत जायला नव्हे. बाबेटच्या मागच्या दारासमोर लाकडांचा ढीग होता, त्याच्याआड बसून मला बघायचं होतं आत्या तिथे काय करते ते.

आत्याचं राहिलं बाजूला, तिथे रांग लागलेली. सगळ्यात पुढे गिरणीवालीण, डोक्यावर शाल ओढून.

"बाबेट, एवढासा दे. गोठ्यापुरता."

"घरापुरता नको?" बाबेटने विचारलं.

"घरी यांनी फ्यूररसाहेबांचा फोटो लावलाय."

"मग घरापुरताही घेऊन जा," बाबेट म्हणाली. तिने डबा काढला आणि उरलेली मात्से मोडून मोडून सगळ्यांना दिली. कोणाकडून काही घेतलं नाही. पाचवी बाई आली ती मास्तरांची बायको, पाउलिने. ती गडगडाटाला फार भ्यायची.

"माझ्या यांना कळू देऊ नका हं."

"कशाला कळेल," आत्या चुलीपासून म्हणाली. "ते कधी वर बघतात का?"

सगळ्या हसल्या. बाबेटही हसली. मला हसणं ऐकू येत होतं, आणि मी वहीत नावं लिहीत होते.

घरी आत्याने माझ्या फ्रॉकला लागलेला लाकडाचा भुसा बघितला, मग वही. ती खुर्चीवर बसली.

"रेगी, हे तू देणार?"

"मास्तर म्हणतात, खरं सांगणं हे कर्तव्य आहे."

"खरं सांगायचंय ना? मग बाबेटने तुला न्हाऊ घातलंय, ते लिही. तुझी आई गेली त्या रात्री तू तिच्याकडे होतीस, ते लिही वर. मग दे."

मी ते लिहिलं नाही. सोमवारी सुंदर अक्षरात उतरवून काढलेली यादी मी मास्तरांना दिली. त्यांनी वरून वाचायला सुरुवात केली. पहिल्या नावाला त्यांचा चेहरा खुलला, कारण त्साङशी त्यांचं वाकडं होतं. पाचव्या नावाला ते थांबले. कान लाल झाले. मग त्यांनी यादीची घडी केली, आणखी घडी केली, बोटाएवढी झाली तेव्हा खिशात ठेवली, आणि मला म्हणाले, "अक्षर चांगलं आहे."

यादीतल्या कोणालाच शिक्षा करता येईना. मग ज्या दोघी यादीत नव्हत्या त्यांना केली. जर्मन बायकांना अंधश्रद्धेला लावते म्हणून बाबेटचं दुकान बंद झालं. तिची चूल पेटवते म्हणून आत्याची शाळेतली नोकरी गेली. त्याच दुपारी मास्तर आम्हाला रांगेत फिरायला घेऊन गेले. बाबेटच्या दारापाशी पोहोचल्यावर ते मुद्दाम पुढे निघून गेले, आणि आमचे खिसे दगडांनी भरलेले होते. माझा दगड दुसरा. खिडकी फुटल्यावर बाबेट दिसली. तिने आमच्याकडे बघितलं, एकेका चेहऱ्याकडे. आम्हा सगळ्यांना तिने लहानपणी बटणं दिलेली होती.

घरी आत्याने मला जेवायला वाढलं. शनिवारी सकाळी दारात उभी राहिली आणि म्हणाली, "चल."

असं ती सहा वर्षं म्हणाली. मास्तरांची बदली झाली, युद्ध सुरू झालं, बाबेटच्या कोटावर ज्यूंना लावावा लागे तो पिवळा तारा आला, ज्यूच्या घरी जाणाऱ्याला तुरुंग असं चौकातल्या फळ्यावर लागलं, तरी आत्या काळोखात जाऊन चूल पेटवून यायची आणि जायच्या आधी मला विचारायची. शेवटी शेवटी मला शिकवलेलं सगळं मी मानत होते असंही नाही. मला फक्त जायचं कसं, ते कळत नव्हतं.

बेचाळीसच्या एप्रिलमध्ये, दोन शनिवारांच्या मध्ये, एका बुधवारी, गावातल्या उरलेल्या सात ज्यूंना चौकात उभं केलं. बाबेटकडे एक बोचकं होतं. त्यांना दूर पूर्वेला, लुब्लिनच्या बाजूला नेलं, आणि त्यांना तिथे मारलं हे मला युद्ध संपल्यावर कळलं. आमच्या एकाच खोलीच्या शाळेतला आल्बान, माझ्याहून चार वर्षांनी मोठा, जो बाकावर माझ्या मागे बसायचा आणि ज्याला नाकांचा धडा नीट यायचा नाही, तो पुढे त्याच भागात पोलिसांत होता. तिथे त्याला तो धडा आला असावा.

पंधरा दिवसांनी तिच्या सामानाचा लिलाव झाला. गिरणीवालीण कपाट न्यायला आली होती. आत्या पुढे जाऊन उभी राहिली, आणि जी वस्तू वर उचलली जाई तिचं ती मोठ्याने सांगू लागली. "ही बाबेटची किसणी. हे बाबेटचं पांघरूण, आत पिसं स्वतः भरलेली. हे कपाट बाबेटचं, डावं दार अडकतं, जपून न्या, गिरणीवालीणबाई." लोक आधी हसले. मग हसणं थांबलं. विसाव्या वस्तूला पोलीस तिला घेऊन गेले.

तीन दिवसांनी मी तिला तालुक्याच्या कोठडीतून आणायला गेले. मी सोळा वर्षांची होते. येताना नऊ किलोमीटर चालायचं होतं, आणि तिचे पाय सुजले होते. एका वळणावर ती दगडावर बसली. मी तिच्याशेजारी उभी राहिले आणि पहिल्यांदा विचारलं.

"आत्या, बाबेटला कुठे नेलं असेल?"

तिने माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत राग असता तर बरं झालं असतं.

"मी सातवी शिकलेली," ती म्हणाली. "तुला सगळं शिकवलंय. तूच सांग."

मग तिने बूट काढला, आतला खडा झटकला, आणि उठण्यासाठी माझ्याकडे हात केला.